चांदबाग टाइप

सुचितासाठी सेंटची एक बाटली आणायची, हे माझ्या हिशेबाने दोन दिवसांचं काम होतं. त्याला पाच आठवडे लागले. त्यात दोन शपथपत्रं, पांढुर्ण्याच्या तीन चकरा आणि चोवीस वर्षांच्या नोकरीत कमावलेली माझी इज्जत खर्च झाली. इज्जतीचं आधी सांगत नाही, ते क्रमाने येईल. मी सौंसरच्या मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवतो आणि क्रम सोडून बोलणं मला जमत नाही.

तर चांदबाग. आजच्या पोरांना हे नाव माहीत नसणार. हिरव्या काचेची बाटली, काचेचंच बूच, वर चंद्र आणि बागेचं फाटक काढलेलं लेबल. सुचिताचा भाऊ नागपूरहून आणून द्यायचा. साडेचारला शाळेतून मी घरी आलो की चहाचं आधण चढलेलं असायचं आणि सुचिताने कानामागे चांदबागचं एक बोट लावलेलं असायचं. वीस वर्षं हे चाललं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि मीही नाही. आमच्या घरात अशा गोष्टी बोलत नाहीत. आमच्या घरात गॅसचा नंबर लावला का, हे बोलतात.

पुढे कंपनी बंद पडली. भावाने शेवटच्या तीन बाटल्या कुठून तरी शोधून दिल्या, त्या तिने पुरवून पुरवून वापरल्या. मग चार-पाच वर्षांपूर्वी एक दिवस आरशाजवळच्या फळीवरून हिरवी बाटली गेली आणि तिथे खोबरेल तेलाची आली. शेजारच्या अंबाबाईही म्हणाल्या की पहिले सुचिता गल्लीतून गेली की मागे वास राहायचा, आता काही लावत नाही वाटते. मी निष्कर्ष काढला की बाटली संपली. या सोळा फेब्रुवारीला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. मी ठरवलं, त्या दिवशी साडेचारला सुचिताच्या कानामागे चांदबाग लागलेलं पाहिजे. आणि मी ठरवलं म्हणजे ठरवलं.

यात एक अडचण होती, आणि ती माझ्याशिवाय जगात कोणालाच माहीत नव्हती. मला वास येत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी बारा दिवस पडून होतो. ताप गेला, खोकला गेला, वास मात्र गेला तो गेलाच. सुचिताने त्या बारा दिवसांत काय काय केलं ते मी सांगत बसत नाही, पण मी उठून बसलो तेव्हा ती अर्धी झाली होती. तिने विचारलं, वास आला का जी? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हटलं, आला, पूर्ण आला. झालं. एका वाक्याचं खोटं, पण ते सांभाळायला मला पाच वर्षं राबावं लागलं. दूध करपलं की मला धूर दिसेपर्यंत कळत नाही. वर्गात हायड्रोजन सल्फाइड तयार करून दाखवायचा असतो, तेव्हा मी पोरांच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो, आणि पहिल्या बाकावरच्याने नाक दाबलं की गंभीरपणे सांगतो, पाहा, वायू तयार झाला. आजवर कोणाला शंका आली नाही, निदान मला तसं वाटत होतं.

तर असा मी, नाक नसलेला माणूस, सेंट घ्यायला निघालो.

आमच्याकडे सल्ला मागावा लागत नाही. मी फक्त आमचे खेळाचे शिक्षक कुलदीप यांना विचारलं की जुनी वस्तू मोबाइलवर मिळते का, तर संध्याकाळपर्यंत समोरच्या नत्थूजींना सगळं माहीत. नत्थूजींची संत्र्याची बाग आहे. ते आले, ओट्यावर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले की बाईमाणसाला कुकर घ्यावा, पाच लिटरचा. सेंटच पाहिजे म्हटल्यावर त्यांनी बाजू बदलली.

"डुप्लिकेट घेऊ नका सर. मी मागच्या साली बागेत डुप्लिकेट औषध मारलं. किडे मेले नाई, मोठे झाले."

उलट कुलदीप म्हणत होते की जुनं ओरिजनल घेण्यात अर्थ नाही, आतमध्ये आंबून जाते. पांढुर्ण्याला मोतीरामच्या दुकानात ‘चांदबाग टाइप’ मिळते, टाइप म्हणजे हुबेहूब तसंच, आणि बायकांना फरक कळत नाही. कुलदीपचं लग्न व्हायचं आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. अंबाबाईंचं म्हणणं तिसरंच होतं, की सर तुम्हीच वास घेऊन ठरवा, वीस वर्षं तुम्हीच तर घेतला. मी म्हटलं, हो, ते तर आहेच. आणि विषय बदलून संत्र्याच्या भावावर आणला.

मी ओरिजनल मागवलं. पुण्याच्या कोणा गृहस्थाकडे जुन्या बाटल्यांचा संग्रह होता, त्यांच्याकडे चांदबागची एक सीलबंद बाटली निघाली. किंमत मी सुचिताला सांगितली नाही, तुम्हालाही सांगणार नाही. पत्ता लिहिताना मात्र हाताने घात केला. प्रकाश अमुक, मुक्काम सौंसर, जिल्हा छिंदवाडा. पन्नास वर्षं हेच लिहीत आलो. पांढुर्णा वेगळा जिल्हा होऊन सौंसर त्यात गेल्याला दोन-अडीच वर्षं झाली, त्या दिवशी आम्ही सर्वांनी पेढेही खाल्ले, पण पेढा तोंडाने खाल्ला होता, हाताला कोण सांगणार?

पार्सल आधी छिंदवाड्याला गेलं. तिथून ‘आमच्या जिल्ह्यात नाही’ म्हणून पांढुर्ण्याला गेलं. जाताना ते आमच्या सौंसरवरूनच गेलं असणार, कदाचित माझ्या शाळेसमोरून. पांढुर्ण्याच्या कुरिअर ऑफिसमध्ये ते ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन बसलं आणि मला फोन आला की घेऊन जा.

काउंटरवर रूपाली मॅडम होत्या. फार शांत बाई. त्यांनी माझं आधार कार्ड पाहिलं आणि सांगितलं की कार्डावर जिल्हा छिंदवाडा आहे, पण कंप्यूटरमध्ये सौंसरला जिल्हा पांढुर्णा आहे, त्यामुळे कंप्यूटरच्या मते असा माणूस नाही. मी म्हटलं, पार्सलवरही छिंदवाडाच आहे, म्हणजे माणूस आणि पार्सल जुळतात. त्या म्हणाल्या, जुळतात, पण दोघंही कंप्यूटरशी जुळत नाहीत. मी म्हटलं, मग कार्ड दुरुस्त करून आणतो. त्या म्हणाल्या, आणा, पण मग तुम्ही पार्सलशी जुळणार नाही. मला राग आला, पण त्यांच्या बोलण्यात चूक काढता येईना. मी विज्ञानाचा माणूस आहे.

शेवटी तोडगा निघाला. छिंदवाड्याचा प्रकाश आणि पांढुर्ण्याचा प्रकाश ही एकच व्यक्ती असून तिने घर बदललेलं नाही, असं शपथपत्र आणायचं. मी नोटरीकडून करून आणलं. तो कागद मी फ्रेम करून ठेवणार आहे, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की घर जागीच आहे, जिल्हा हलला. दुसऱ्या चकरेत मॅडमनी खोक्यावरचा ‘द्रव पदार्थ’ हा शिक्का दाखवला आणि हे तेजाब किंवा पेट्रोल नाही, असं दुसरं शपथपत्र मागितलं. या दोन चकरांमध्ये तीन आठवडे गेले, कारण मधे शाळेची तपासणी होती आणि नोटरीच्या घरी लग्न होतं.

तिसरी चक्कर सोळा फेब्रुवारीला, सकाळच्या बसने. सुचिताला सांगितलं, पांढुर्ण्याला प्रशिक्षण आहे. तिने डबा दिला आणि साडेचारपर्यंत या म्हणाली. मॅडमनी दोन्ही शपथपत्रं पंच करून फाइलला लावली, खोकं उघडलं, हिरवी बाटली काढली. आणि म्हणाल्या की नियमाप्रमाणे माल तुमचाच आहे याची खात्री करा, वास घेऊन सांगा. मागे रांगेत पाच-सहा जण उभे होते. मी बाटली नाकाजवळ नेली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि म्हटलं, हाच. अगदी हाच. शंकाच नाही.

"सर," मॅडम म्हणाल्या, "सील अजून तोडलं नाई."

मी सही केली आणि बाहेर पडलो. मागे कोणी हसलं का ते मी वळून पाहिलं नाही.

खरं तर इथूनच बस पकडून घरी यायचं. पण कुलदीपचं ते ‘आतमध्ये आंबून जाते’ माझ्या डोक्यातून जाईना. पंचवीस वर्षांनी सुचिताच्या हाती आंबलेलं सेंट द्यायचं आणि स्वतः समोर हसत उभं राहायचं, हे मला परवडणारं नव्हतं. ओरिजनल खराब असेल तर टाइप घ्यायचं, चांगलं असेल तर ओरिजनल द्यायचं. प्रश्न सोपा होता, उत्तर काढायचं साधन तेवढं माझ्याकडे नव्हतं. मी मोतीरामच्या दुकानात गेलो.

मोतीराम सत्तरीचे, कानात कापसाचा बोळा, बोलणं कमी. मी हिरवी बाटली पुढे ठेवून साहेबी आवाजात म्हटलं की हिची आणि तुमच्या टाइपची तुलना करून पाहायची आहे. त्यांनी सील काढलं, बूच फिरवून ओढलं, माझ्या डाव्या मनगटाला ओरिजनल लावलं, उजव्याला टाइप. कसं वाटते, म्हणाले. मी पोरांच्या तोंडाकडे पाहायची सवय वापरली, पण मोतीरामच्या तोंडावर काहीही नव्हतं. मी म्हटलं, डावं भारदस्त आहे, उजवं थोडं उथळ. त्यांनी मान हलवली. मला हुरूप आला. मग त्यांनी तिसरी बाटली काढून माझ्या नाकाखाली धरली आणि विचारलं, हे? मी म्हटलं, वा, हे गोड आहे, पण बायकांपेक्षा पुरुषांना जास्त शोभेल.

मोतीरामनी बाटलीला झाकण लावलं. ते बाटल्या धुवायचं स्पिरिट होतं. त्यांनी स्वतःचं स्टूल मला दिलं आणि विचारलं, "किती वर्षं झाले?"

पाच वर्षांत हे मला कोणी पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, पाच होतील मे महिन्यात. आणि घरी? घरी माहीत नाही. ते म्हणाले की माझ्याकडे असे बरेच येतात, कोणाचा परत आला, कोणाचा नाही. रोज काहीतरी एकच वास घ्यायचा, कंटाळायचं नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या जावयाला सांगितलं होतं. ओरिजनल त्यांनी दोनदा हुंगलं. आंबलेलं नाही, पहिल्या दर्जाचा माल आहे म्हणाले, फक्त आता असा एवढाच उरला. त्यांचं टाइप ते दर महिन्याला बनवतात. कोणतं द्यायचं ते मात्र ते सांगेनात. तुम्ही घरवाल्यांना ओळखता, मी नाही, म्हणाले. मी दोन्ही घेतली आणि बसमध्ये बसून ठरवायचं असं ठरवलं.

खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी मांडीवर, पिशवीत डबा आणि दोन बाटल्या. मी वही काढून गुण-दोषांचा तक्ता आखला. थोड्या वेळाने शेजारचा माणूस उठून मागे गेला. मग पुढचे दोघं उठले. मला बरं वाटलं, अजूनही शिक्षकाला हातपाय पसरायला जागा देणारे लोक आहेत. कंडक्टरने फेब्रुवारीच्या गार वाऱ्यात एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि माझं तिकीट हात लांब करून दिलं. एक म्हातारी तेवढी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. यमुनाबाई नाव, बोरगावला माहेरी चालल्या होत्या. कोणाच्या लग्नाहून येऊन राहिले बाबू, असं त्यांनी मला विचारलं. त्यांच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मांडवभर असाच वास होता, बहीण जाऊन वीस वर्षं झाली. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी त्यांना समजावून सांगितलं की हा बाहेरच्या संत्र्याच्या बागांचा वास आहे, सध्या आंबिया बहार फुलला आहे, फुलांतली तेलं हवेत उडतात. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा मिटले.

सौंसरच्या स्टँडवर नत्थूजी भेटले. चार पावलांवर थांबले, जवळ आले नाहीत.

"सर, फवारणी करून आले का?"

मग त्यांनी माझ्या पँटीकडे बोट दाखवलं. मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओली. मला वाटलं डब्यातली आमटी सांडली. पिशवी उघडली तर मोतीरामनी लावलेलं काचेचं बूच सैल होऊन आडवं पडलेलं आणि हिरवी बाटली रिकामी. तळाशी एक थेंब होता, मी उलटी केली तसा तोही गेला. चांदबाग टाइप, प्लास्टिकच्या झाकणाचं, धडधाकट होतं.

वाजले होते चार. मी हार मानणारा माणूस नाही, पण त्या वेळी जे सुचलं ते सुचायला नको होतं. स्टँडमागच्या चहाच्या टपरीआड आम्ही गेलो. नत्थूजींनी वर्तमानपत्राच्या कागदाचं नरसाळं धरलं आणि मी टाइप हिरव्या बाटलीत ओतलं. बूच घट्ट बसवलं, लेबलवरचा चंद्र रुमालाने पुसला. नत्थूजी म्हणाले की डुप्लिकेट औषधवाले असंच करतात. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. माझ्यासारखा मास्तर टपरीआड बनावट माल भरत होता. ओरिजनल की टाइप, हा प्रश्न संपला होता. सुचिताच्या हाती हिरवी बाटली पडली पाहिजे, एवढंच उरलं होतं.

बरोबर साडेचारला मी दारात उभा. आधण चढलेलं होतं. सुचिता बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. मी काही बोलायच्या आत तिने डोळे मिटले, जशी ती म्हातारी बसमध्ये मिटून बसली होती. मी पिशवीतून बाटली काढून तिच्या हातावर ठेवली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की पंचवीस वर्षं झाली, म्हणून.

तिने बूच काढलं, हुंगलं. मग माझ्या पँटीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"अजी, चांदबाग तुमच्या पँटीवर आहे. बाटलीत दुसरंच काही आहे. तुम्हाला समजलं नाही का?"

मी तोंड उघडलं. पाच वर्षं जे खोटं आपोआप बाहेर यायचं ते आलं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हापासून. पहिल्याच महिन्यात मी कढईत नुसतं पाणी उकळत ठेवलं आणि तुम्हाला विचारलं फोडणीचा वास कसा आहे. तुम्ही म्हणाले, काय खमंग आहे. तेव्हाच समजली मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे पाच वर्षं मी जी जी पोळी, जी जी भाजी वास घेऊन घेऊन वाखाणली, ते सगळं ती ऐकून घेत होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली की तुम्ही इतक्या मेहनतीने लपवून राहिले होते, मी कशी बोलू? मला राग आला, रडूही आलं, आणि आधण उतू गेलं. ते मला दिसायच्या आधी तिला वास आला. तिने जाऊन गॅस बंद केला.

मग तिने लोखंडी कपाट उघडलं, साड्यांच्या मागे हात घातला आणि हिरवी बाटली काढली. तिची. अर्ध्याच्या वर भरलेली.

मला वाटलं होतं संपली. मी म्हटलं, ही होती तर लावत का नव्हतीस?

"तुमच्यासाठी लावत होती. तुम्हालाच येत नाही तर काय अंबाबाईसाठी लावू?" ती बाटलीकडे पाहत राहिली. "आणि कंपनी बंद. रोज लावून संपवली असती, आणि एखाद्या दिवशी तुमचं नाक परत आलं असतं, तर तेव्हा काय लावलं असतं मी?"

मी खाली बसलो. ती पण बसली. मी तिला मोतीरामचं सांगितलं, जावयाचं सांगितलं, रोज एकच वास घ्यायचा आणि कंटाळायचं नाही ते सांगितलं. स्पिरिटचंही सांगितलं. सील न तोडल्याचं सांगितलं तेव्हा ती हसता हसता भिंतीला टेकली. अंबाबाई काय झालं म्हणून कुंपणावरून पाहून गेल्या आणि वास कुठून येऊन राहिला ते विचारून गेल्या.

ओरिजनल पुन्हा साड्यांच्या मागे गेलं. ते त्या दिवसासाठी. तोपर्यंत रोजच्याला टाइप, संपलं की मोतीराम आहेत.

दुसऱ्या दिवशी मी साडेचारला आलो. चहा होता. सुचिताने कानामागे टाइपचं एक बोट लावलं होतं. ती माझ्यासमोर वाकली, मी लांब श्वास घेतला.

"येतो?"

"नाही," मी म्हटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि कप पुढे केला. "उद्या पाहू."